भरती-ओहोटीचे वीज बंधारे: टर्बाइन उत्तम, पण भिंतीचा हिशेब आधी मांडा

भरतीचं पाणी भिंतीआड अडवायचं, ओहोटीला समुद्र खाली गेला की ते टर्बाइनमधून सोडायचं आणि वीज काढायची, अशा प्रकल्पांचा हा रिव्ह्यू. मोठे आणि वर्षानुवर्षं चाललेले नमुने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, त्यामुळे तुलना करायला सोपं जातं. इथे मुख्यतः तीन तपासले आहेत: फ्रान्समधलं ला रान्स (२४० मेगावॉट, १९६६), दक्षिण कोरियातलं सिह्वा (२५४ मेगावॉट, २०११) आणि कॅनडातलं अ‍ॅनापोलिस रॉयल (२० मेगावॉट, १९८४ ते २०१९).

आधी गुण देऊन टाकतो. टर्बाइनला पाचपैकी साडेचार. उत्पादनाचा अंदाज बांधता येण्याला पैकीच्या पैकी. खाडीवर होणाऱ्या परिणामाला दोन, आणि तेही बांधकाम नीट केलं तर. पैशाच्या बाबतीत मात्र सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा देता येत नाही. या धंद्यात खरी किंमत असते ती भिंतीची. भिंत आधीच उभी असेल किंवा दुसऱ्या कामासाठी लागणारच असेल, तर ही वीज घेण्यासारखी आहे. भिंत फक्त विजेसाठी बांधायची असेल, तर जागा अत्यंत निवडक हवी. हे कशावरून, ते पुढे येईलच.

पॅकेजमध्ये काय काय येतं

ला रान्सचा बंधारा ब्रिटनी प्रांतात, सेंट मालो आणि दिनार या गावांच्या मध्ये रान्स नदीच्या मुखावर आहे. लांबी ७५० मीटर, मागे अडलेलं पाण्याचं क्षेत्र सुमारे २२.५ चौरस किलोमीटर. भरती-ओहोटीतला सरासरी फरक ८.२ मीटर, आणि मोठ्या उधाणाला तो १३.५ मीटरपर्यंत जातो. या खाडीत पूर्वी भरतीच्या पाण्यावर दळणाऱ्या चक्क्या होत्या, म्हणजे जागेची परीक्षा शेकडो वर्षं आधीच झाली होती.

भिंतीत चार प्रकारचे भाग आहेत. एक, वीजघर, ज्यात प्रत्येकी १० मेगावॉटची २४ बल्ब टर्बाइन्स ओळीने बसवली आहेत. दोन, सहा मोठे दरवाजे, प्रत्येक १५ मीटर रुंद आणि १० मीटर उंच. तीन, नुसता भरावाचा बांध. चार, बोटी ये-जा करण्यासाठी लॉक, म्हणजे दोन दरवाज्यांमधली पाणी चढवून-उतरवून बोट पलीकडे नेणारी वाट. वरून दोन्ही काठ जोडणारा रस्ता जातो. लोकांचा लांबचा वळसा या रस्त्यामुळे वाचला. हा फायदा विजेच्या बिलात दिसत नाही, पण प्रकल्पाच्या हिशेबात धरायलाच हवा.

दरवाज्यांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, सगळे टर्बाइनच मोजतात. खरं तर दरवाजे कमी पडले तर भरतीच्या तीन-साडेतीन तासांत आतलं पाणी समुद्राच्या पातळीला पोचत नाही. आत अर्धा मीटर पाणी कमी चढलं, की ते त्या फेरीपुरतं कायमचं गेलं. नवीन प्रस्ताव हातात आला की टर्बाइनची संख्या वाचायच्या आधी दरवाज्यांचं एकूण क्षेत्रफळ वाचा.

एका भरतीची फेरी, तासातासाने

दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. ओहोटीला वीज काढायची पद्धत असेल तर ही फेरी साधारण अशी फिरते.

समुद्राने कमाल पातळी गाठली की दरवाजे लगेच बंद करायचे नसतात. दरवाज्यांतून येताना पाण्याचा जोर थोडा खर्च होतो, त्यामुळे आतली पातळी बाहेरच्यापेक्षा मागे असते. समुद्र उतरायला लागला तरी काही मिनिटं पाणी आतच येत राहतं. दोन्ही पातळ्या जुळल्या की दरवाजे बंद. भरतीच्या छापील वेळापत्रकावर दरवाजे चालवले तर प्रत्येक फेरीत थोडं पाणी हातचं जातं. पातळीमोजणीवर चालवले तर जात नाही.

यानंतर ला रान्सची खासियत येते. टर्बाइन उलटं, पंपासारखं चालवून समुद्राचं पाणी आत ढकलायचं. वीज खर्चून वीज कमवायची, हे ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून आकडे मांडून पाहू. २२.५ चौरस किलोमीटरवर एक मीटर जादा पाणी चढवायचं आहे आणि पंपिंगच्या वेळी आत-बाहेरचा सरासरी फरक अर्धा मीटर आहे असं धरा. हे पाणी उचलायला लागणारी शुद्ध ऊर्जा साधारण ३१ मेगावॉट-तास. इतक्या कमी फरकावर पंपाची कार्यक्षमता यथातथाच असते, ती ६० टक्के धरली तर खर्च सुमारे ५२ मेगावॉट-तास. तेच पाणी तीन-चार तासांनी ५ मीटर फरकावरून सोडलं, तर ८५ टक्के कार्यक्षमतेने २६५ मेगावॉट-तासांच्या आसपास परत मिळतात. पाणी चढवताना समुद्र शेजारी असतो आणि सोडताना तो खूप खाली गेलेला असतो, सगळी कमाई या फरकातली आहे. प्रत्यक्षात पंपिंग रेंगाळलं आणि समुद्र उतरू लागला तर हा फायदा झपाट्याने आटतो. त्यामुळे पंपिंगची खिडकी तासाभराची, फार तर थोडी जास्त.

मग थांबायचं. दीड-दोन तास, समुद्र पुरेसा उतरेपर्यंत. नव्या ऑपरेटरला हाच काळ नको वाटतो, कारण पाणी आहे, यंत्र आहे, मग सुरू का करू नये? कारण कमी फरकावर सोडलेलं पाणी पुन्हा वापरता येत नाही. फरक पुरेसा झाला की टर्बाइन्स सुरू, आणि पुढे पाच-सहा तास वीज. समुद्र तळाला जाऊन परत चढू लागला तरी उत्पादन काही काळ चालू राहतं, फरक दोनेक मीटरच्या खाली आला की थांबतं. पातळ्या पुन्हा जुळल्या की दरवाजे उघडायचे, टर्बाइनच्या वाटाही मोकळ्या सोडायच्या आणि पुढच्या भरतीने खाडी भरून घ्यायची.

ला रान्सची टर्बाइन्स दोन्ही दिशांना वीज काढू शकतात, दोन्ही दिशांना पंप करू शकतात आणि नुसती वाट म्हणूनही उघडी राहतात. कागदावर हे सर्वगुणसंपन्न आहे. वापरात मात्र मुख्य भर ओहोटीच्या दिशेवरच राहिला. कारण सरळ आहे: पात्याचा आकार एका दिशेसाठी उत्तम बनवला की उलट दिशेला कार्यक्षमता घसरते, आणि भरतीच्या वेळी वीज काढत बसलं तर खाडी पूर्ण भरत नाही. नवीन खरेदीत दुहेरी दिशेची यंत्रं फार आग्रहाने विकली जातात. वर्षाच्या एकूण उत्पादनात त्यामुळे नेमकी किती भर पडते, हे लेखी मागा.

मिळते किती वीज?

एका फेरीत जास्तीत जास्त किती ऊर्जा हाती लागू शकते याचं सूत्र साधं आहे: पाण्याची घनता, गुरुत्वीय त्वरण, खाडीचं क्षेत्रफळ आणि पातळीतल्या फरकाचा वर्ग यांचा गुणाकार, आणि त्याचा अर्धा भाग. यातला 'वर्ग' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. फरक दुप्पट तर ऊर्जा चौपट. उधाणाला १२ मीटर आणि भांगाला (दोन उधाणांच्या मधल्या, सगळ्यात लहान भरतीला) ४ मीटर फरक असणाऱ्या जागी उधाणाच्या फेरीत भांगाच्या नऊपट ऊर्जा असते. दर पंधरवड्याला उत्पादन असं फुगतं आणि आक्रसतं. हा यंत्राचा दोष नाही, चंद्र-सूर्याच्या मांडणीचा भाग आहे, पण ग्रिड चालवणाऱ्याला तो पचवावा लागतो.

ला रान्सचे आकडे घाला: २२.५ चौरस किलोमीटर, ८.२ मीटर. एका फेरीला सुमारे २,१०० मेगावॉट-तास. वर्षात अशा ७०५ फेऱ्या, म्हणजे सिद्धांताने जवळजवळ १,५०० गिगावॉट-तास. प्रत्यक्षात वर्षाला मिळतात ५०० गिगावॉट-तासांच्या आसपास, एक तृतीयांश. उरलेले कुठे गेले? खाडी काही सरळ भिंतींची टाकी नाही. पाणी उतरलं की चिखलाचे काठ उघडे पडतात आणि क्षेत्रफळ कमी होत जातं. पाणी एका क्षणात सोडता येत नाही, सोडेपर्यंत समुद्र पुन्हा चढायला लागतो. शेवटचे दोनेक मीटर यंत्राच्या कामाचे नसतात. वर दरवाजे, टर्बाइन आणि जनित्र यांतली घट. एखाद्या प्रस्तावात या सूत्राच्या निम्म्याहून जास्त उत्पादन दाखवलं असेल, तर मांडणी बारकाईने तपासा.

५०० गिगावॉट-तास म्हणजे वर्षभराची सरासरी ५७ मेगावॉट. स्थापित क्षमता २४० असताना वापर २४ टक्क्यांच्या घरात. सिह्वाचं अपेक्षित वार्षिक उत्पादन ५५२ गिगावॉट-तास, म्हणजे तिथेही २५ टक्के. 'क्षमता' हा शब्द वाचून अणुवीज केंद्राशी तुलना करू नका. इथल्या २४० मेगावॉटचा अर्थ वेगळा आहे.

अंदाजाला पैकीच्या पैकी गुण का? वारा उद्या किती वाहील ते कुणी खात्रीने सांगू शकत नाही, पण पुढच्या वर्षीच्या अमुक तारखेच्या भरतीची वेळ आणि उंची आज छापता येते. हवेच्या दाबाने थोडा फरक पडतो, दाब एक हेक्टोपास्कलने कमी झाला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं, वादळात त्याहून जास्त. बाकी सगळं ठरलेलं. एक गोष्ट मात्र आर्थिक अहवालांत हमखास सुटते: चंद्राच्या कक्षेचं १८.६ वर्षांचं चक्र. त्यामुळे भरतीचा मुख्य घटक सरासरीच्या पावणेचार टक्के वर-खाली होतो, आणि ऊर्जा वर्गाने बदलत असल्याने तिच्यात साडेसात टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. दोन-तीन चांगल्या वर्षांच्या मोजमापावर कर्जाचे हप्ते बांधले, की नऊ वर्षांनी तारांबळ उडते. सरासरी १९ वर्षांचीच धरा.

वेळेचाही प्रश्न आहे. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे 'संध्याकाळच्या मागणीला ही वीज मिळेल' असं सरसकट म्हणता येत नाही. पण उधाणाची भरती एका ठिकाणी नेहमी घड्याळाच्या जवळजवळ त्याच वेळी येते. सेंट मालोला ती सकाळ-संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान असते. म्हणजे सगळ्यात मोठं उत्पादन कायम दिवसाच्या आणि रात्रीच्या ठरावीक तासांतच पडणार. तुमच्या जागी हे तास मागणीचे आहेत की सौरविजेच्या भर दुपारचे, एवढ्या एका गोष्टीने विजेची किंमत बदलते. हे पाहायला भरतीचं वेळापत्रक पुरतं, सल्लागार लागत नाही.

बल्ब टर्बाइन, जवळून

आता आवडत्या भागाकडे. बल्ब टर्बाइन म्हणजे पाण्याच्या आडव्या बोगद्याच्या मधोमध बसवलेलं पोलादी फुगीर कवच. जनित्र या कवचाच्या पोटात, कोरडं. कवचाच्या एका टोकाला चक्र, त्याची पाती चालू असतानाच फिरवून कोन बदलता येतो. चक्राआधी मार्गदर्शक झडपांचं कडं, नंतर हळूहळू रुंदावत जाणारा निकास मार्ग. देखभालीसाठी माणूस वरून उभ्या नळीतून कवचात उतरतो.

ला रान्सच्या चक्राचा व्यास ५.३५ मीटर, चार पाती, वेग मिनिटाला ९३.७५ फेरे. हा अपूर्णांकी वेग कुठून आला? ५० हर्ट्झच्या ग्रिडला थेट जोडायचं तर वेग म्हणजे ६,००० भागिले जनित्राच्या चुंबकी ध्रुवांची संख्या. ६४ ध्रुव घेतले की ९३.७५ येतात. सिह्वात ग्रिड ६० हर्ट्झचं (तिथे ६,०००च्या जागी ७,२००), चक्र ७.५ मीटरचं, म्हणून ११२ ध्रुव आणि मिनिटाला ६४.२९ फेरे. गिअरबॉक्स नाही, त्यामुळे बिघडायला एक भाग कमी.

अडचण अशी की जास्त ध्रुव म्हणजे जनित्राचा व्यास मोठा, आणि कवच जाड झालं तर पाण्याची वाट अडते. म्हणून जनित्र बारीक आणि लांब करावं लागतं, आणि मग ते तापतं. ला रान्सच्या अभियंत्यांनी कवचातली हवा दुप्पट दाबावर, दोन बारला ठेवली. दाट हवा जास्त उष्णता वाहून नेते, त्यामुळे त्याच आकारात १० मेगावॉट बसले. १९६०च्या दशकातली ही युक्ती आजही कौतुकाची आहे.

सिह्वाचं यंत्र म्हणजे त्याच कुळातला मोठा भाऊ. ५.८२ मीटर फरकाला एका टर्बाइनमधून सेकंदाला ४८२ घनमीटर पाणी जातं आणि २५.४ मेगावॉट निघतात. गणित करून पाहा, कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या जवळ येते. इतक्या कमी उंचीच्या पाण्यासाठी हा आकडा उत्कृष्ट आहे.

अ‍ॅनापोलिसमध्ये वेगळा मार्ग घेतला होता: स्ट्राफ्लो टर्बाइन, ज्यात जनित्राचे ध्रुव थेट चक्राच्या बाहेरच्या कड्यावर बसतात. कवच नको, जनित्राला हवा तेवढा व्यास मिळतो, गार राहतं. बदल्यात ७.६ मीटर व्यासाच्या फिरत्या कड्याभोवती पाणी अडवणारी सील सांभाळावी लागते, तीही खाऱ्या, गाळाच्या पाण्यात. पाती स्थिर, दिशा एकच. यंत्रही एकच, हे सगळ्यात वाईट. ला रान्सला एक टर्बाइन बंद पडलं तर २३ उरतात. अ‍ॅनापोलिसला २०१९ मध्ये जनित्राचा भाग निकामी झाला आणि अख्खं केंद्र थांबलं. त्याच सुमारास टर्बाइनमधून जाणाऱ्या माशांच्या मृत्यूचा प्रश्न कॅनडाच्या मत्स्य विभागाने ऐरणीवर आणला, आणि केंद्र पुन्हा सुरू झालंच नाही. लहान प्रकल्प असला तरी किमान तीन-चार यंत्रं घ्यावीत. एका मोठ्या यंत्राने वाचलेला पैसा पहिल्याच बिघाडात जातो.

देखभाल: काय बिघडतं

खारं पाणी हा पहिला शत्रू. ला रान्सला पात्यांसाठी स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम ब्रॉन्झ वापरलं आणि सगळ्या पाण्यातल्या धातूला कॅथोडिक संरक्षण दिलं, म्हणजे बाहेरून सौम्य विद्युतप्रवाह देऊन गंजण्याची क्रियाच थोपवायची. दरवाजे, झडपा, कवच सगळं त्यात येतं. ही व्यवस्था बांधकामापासूनच बसवलेली हवी. नंतर बसवायला प्रत्येक वाट कोरडी करावी लागते. संरक्षण बंद पडलं तर पहिल्या महिन्यात काहीच दिसत नाही, म्हणून त्याच्या मीटरची नोंद रोज व्हायला हवी.

यंत्रांवर दुसरा ताण सुरू-बंदचा. धरणावरचं टर्बाइन एकदा लागलं की दिवसचे दिवस फिरतं. भरतीचं टर्बाइन रोज किमान दोनदा सुरू होतं, दोनदा थांबतं, पंपिंग असेल तर त्याहून जास्त वेळा. ला रान्सला १९७५ च्या सुमारास याचाच फटका बसला: पंप म्हणून सुरू करताना बसणाऱ्या धक्क्यांनी जनित्रांच्या स्टेटरची (न फिरणाऱ्या भागाची) बांधणी सैल पडू लागली, आणि पुढची काही वर्षं एकामागून एक यंत्रं उघडून दुरुस्त करावी लागली. खरेदी करताना 'इतकी वर्षं आयुष्य' असं विचारू नका, 'किती हजार वेळा सुरू-बंद' असं विचारा. चाळीस वर्षांत ती संख्या ५० हजारांच्या पुढे सहज जाते.

तिसरा, गाळ. भरती पूर्ण झाल्यावर पाणी आत तास-दोन तास निवांत उभं राहतं, तेवढ्यात बारीक कण तळाशी बसतात. पूर्वी ओहोटीचा जोर ते परत ओढून नेत असे, बंधाऱ्यानंतर तो जोर मंदावतो. रान्सच्या वरच्या अंगाला गाळ साचत राहिला. तो अडवायला लिवे इथे नदीच्या तळाशी खड्डा काढला आहे, पण खड्डाही भरतो आणि उपसावा लागतो. उपसलेल्या गाळाचं करायचं काय, हा पुढचा प्रश्न: तो खारा असतो, शेतात टाकता येत नाही, वाळायला जागा लागते. गाळाचा खर्च पहिल्या दिवसापासून वार्षिक खर्चात घाला.

खाडीचं काय होतं

ला रान्सचं बांधकाम कोरड्यात झालं. कॉफरडॅम, म्हणजे पाणी अडवणारे तात्पुरते बांध, घालून सुमारे तीन वर्षं खाडी समुद्रापासून तोडली होती. त्या काळात खारेपणा कोसळला, गाळ बसला आणि आतली जवळजवळ सगळी सागरी जीवसृष्टी नाहीशी झाली. पाणी पुन्हा खेळायला लागल्यावर जीव परत आले, पण नवा समतोल बसायला साधारण दहा वर्षं गेली, आणि तो जुन्यासारखा नाही. काही जाती गेल्या, काही नव्याने स्थिरावल्या. आज खाडी जिवंत आहे हे खरं, पण ते मूळ खाडी नाहीशी केल्यानंतरचं यश आहे, हे विसरू नये. या बाबतीत गुण कापले ते याच कारणाने.

यावर उपाय आहे. रशियात मुरमान्स्कजवळच्या किस्लाया गुबा केंद्राची वीजघराची पेटी किनाऱ्यावर तयार करून, तरंगत आणून जागेवर बसवली होती, १९६८ मध्ये. केंद्र अगदी छोटं, सुरुवातीला ४०० किलोवॉटचं, पण खाडी न तोडता बांधता येतं हे त्याने दाखवलं. आज कुणी कोरड्यातल्या बांधकामाचा प्रस्ताव आणला, तर तरंगती पेटी का नको, याचं उत्तर मागितलंच पाहिजे.

बांधून झाल्यावरही आतल्या पातळीचा चढ-उतार कमी होतो, बहुतेक ठिकाणी निम्म्यावर येतो. म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी चिखलाण आक्रसते, आणि तिथे अळ्या-किडे टिपणाऱ्या पाणपक्ष्यांची चराई जाते. मासे टर्बाइनमधून जाताना पात्याचा मार तर लागतोच, शिवाय दाबातल्या अचानक बदलाने हवेची पिशवी फुटते. मोठे, संथ फिरणारे चक्र लहान माशांना त्यातल्या त्यात बरं. स्थलांतर करणारे मोठे मासे, जे वर्षातून अनेकदा आत-बाहेर करतात, त्यांच्यासाठी ते धोक्याचंच.

सिह्वा: भिंत फुकट मिळाली तर

सिह्वाची १२.७ किलोमीटरची भिंत १९९४ मध्ये पूर्ण झाली, विजेसाठी नाही, तर गोड्या पाण्याचा तलाव आणि नवी जमीन मिळवण्यासाठी. आजूबाजूच्या कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी आत येत राहिलं, बाहेर जायला वाट नाही, आणि काही वर्षांतच पाणी सडलं. शेवटी गोड्या पाण्याची योजना सोडून समुद्राचं पाणी आत घ्यायचं ठरलं. पाणी आत-बाहेर खेळवायचंच आहे, तर मध्ये टर्बाइन का नको, असा विचार झाला आणि दहा टर्बाइन्स व आठ दरवाजे भिंतीत बसले.

इथे पद्धत उलटी आहे. तलावाकाठची जमीन खाली असल्याने आतली पातळी वर नेता येत नाही, म्हणून वीज फक्त भरतीच्या दिशेने, पाणी आत येताना काढली जाते. नैसर्गिक खाडीत ही पद्धत कमी फायद्याची, कारण खाडीचा खालचा भाग अरुंद असतो. पण सिह्वाचा उद्देशच पाणी बदलण्याचा होता. पाणी सुधारलं, वीज वर मिळाली. आमच्या मते आजवरच्या मोठ्या केंद्रांत सगळ्यात शहाणपणाची खरेदी हीच.

आता भिंतीचा हिशेब. ला रान्सच्या आखणीत मोठा वाटा असलेल्या रोबेर जिब्रा या फ्रेंच अभियंत्याने जागा तोलण्यासाठी भिंतीची लांबी आणि मिळणारी ऊर्जा यांचं गुणोत्तर वापरलं होतं. तेच उलटं करून दर किलोमीटर भिंतीमागे वर्षाला किती गिगावॉट-तास, ते पाहू. ला रान्स: सुमारे ६७०. ब्रिटनमधला सेव्हर्न खाडीचा १६ किलोमीटरचा प्रस्ताव, ८,६४० मेगावॉट आणि वर्षाला १७ हजार गिगावॉट-तास: हजाराच्या वर. वेल्समधला स्वान्सी बेचा प्रस्ताव, साडेनऊ किलोमीटर, ३२० मेगावॉट, सुमारे ५३० गिगावॉट-तास: अवघे ५६. आणि सिह्वा? ४३. म्हणजे ज्या केंद्राचं आम्ही इतकं कौतुक केलं, त्याला भिंत स्वतःच्या पैशाने बांधावी लागली असती तर या यादीत ते तळाला गेलं असतं.

स्वान्सीच्या वाट्याला तेच आलं. २०१७ मध्ये स्वतंत्र समीक्षेने पाठिंबा दिला, २०१८ मध्ये सरकारने पैशाच्या मुद्द्यावर नकार दिला. सेव्हर्नचं गुणोत्तर सगळ्यात चांगलं असूनही २०१० मध्ये सरकारी अभ्यासाने तो बाजूला ठेवला: खोल पाणी, अवाढव्य एकरकमी खर्च, आणि युरोपातल्या महत्त्वाच्या चिखलाणींपैकी एक पणाला. गुणोत्तर चाळणीचं काम करतं, त्यातून उतरलेल्या जागेचीही पुढची परीक्षा बाकी राहते.

पैसा कुठल्या दराचा आहे

भिंतीचं काँक्रीट शंभर वर्षं टिकू शकतं, टर्बाइन चाळीस वर्षांनी नव्याने सजवता येतं. ला रान्सचं भांडवल केव्हाच फिटलं आहे आणि तिथली वीज आज स्वस्त पडते. मग खासगी गुंतवणूकदार पुढे का येत नाहीत? साठ वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत काढून पाहा. ८ टक्के दराने ती साधारण १ रुपया येते. ३ टक्के दराने १७. बांधकामाची सहा-सात वर्षं एक पैसा हाती येत नाही, ते वेगळंच. ८ टक्क्यांच्या हिशेबात या बंधाऱ्याची दुसरी तीस वर्षं जवळजवळ फुकट जातात, आणि त्याची खरी ताकद त्याच वर्षांत आहे. म्हणून हे काम सरकारी, दीर्घ मुदतीच्या, कमी व्याजाच्या पैशानेच जमतं. ला रान्स आणि सिह्वा दोन्ही सार्वजनिक संस्थांनी उभे केले, हा योगायोग नाही.

ऑर्डर देण्याआधी

जागेवर किमान एक वर्ष भरतीची प्रत्यक्ष मोजणी करून घ्या आणि तिच्यावरून १९ वर्षांचा अंदाज बांधा, जवळच्या बंदराचे आकडे उचलू नका. सरासरी फरक ५ मीटरच्या खाली असेल तर भिंत फुकट असल्याशिवाय पुढे जाऊ नका. खाडीचं क्षेत्रफळ प्रत्येक पातळीला किती, याचा तक्ता मागा, कारण भरतीच्या वेळचं एकच क्षेत्रफळ दाखवून उत्पादन फुगवणं सगळ्यात सोपं असतं. पाण्यातल्या गाळाचं प्रमाण उधाणाला मोजा, भांगाला नको, भांगाला पाणी नेहमीच स्वच्छ दिसतं. बंधाऱ्यामुळे बाहेरच्या समुद्रातली भरतीही बदलू शकते. कॅनडातल्या फंडीच्या आखातासारख्या जागी पाण्याची लय आधीच भरतीशी जुळलेली असल्याने भिंत घातल्यावर दूरच्या किनाऱ्यांवर पाणी वाढेल, असं प्रतिमानं दाखवतात. तेव्हा अभ्यासाची हद्द खाडीच्या तोंडाशी थांबवू नका.

लॉकचं वेळापत्रकही करारात घाला. मच्छीमारांच्या बोटी भरतीच्या वेळी निघतात, आणि नेमकं तेव्हाच दरवाज्यांपाशी ओढ सगळ्यात जास्त असते. बोटींच्या वाटेपासून दरवाजे किती अंतरावर आहेत, धोक्याची दोरखंडं कुठे ताणली आहेत आणि टर्बाइन सुरू होण्याआधी भोंगा किती मिनिटं वाजतो, हे नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.